हिनं थापलेल्या गोवऱ्या

काल भिंतीला रचलेल्या गोवऱ्यांकडं बघत बसलो होतो, तेवढ्यात शेजारची कुसुम दुरडी घेऊन आली. म्हणाली, "तात्या, बैठकीत ठरलंय. ज्याच्याकडं वाळलेलं जळण आहे त्यानं दुसऱ्याला द्यायचं."

ग्रामपंचायत आणि बायकांचा बचत गट, दोघांनी मिळून ती बैठक घेतली. घरोघर सिलिंडर आले खरे, पण रिकामा झाल्यावर भरून आणायची ऐपत कुणाची? मग एकमेकांना जळण द्या, एवढंच त्यांना सुचलं.

पण या गोवऱ्या आमच्या हिनं जायच्या आधी थापलेल्या. एकेकीवर तिची पाच बोटं उमटलीत. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला.

"दुसरीकडं बघ जा," मी म्हणालो.

"बघितलं. सगळीकडं लाकडं ओली. का या गोवऱ्या उराशी धरून वर जायचंय?"

असं म्हणून हसली आणि तिला खोकला आला. भिंत धरून उभी राहिली. आमची हीसुद्धा अशीच भिंत धरायची. जन्मभर चुलीपुढं बसली, धुरानं छाती गेली.

मी दुरडी भरून दिली. ओल्या लाकडानं घर धुरानं भरतं, गोवरीचा धूर जरा कमी. चार माणसं एकत्र येऊन माणसाला काय देतात, तर जरा कमी धूर.

थोड्या वेळानं कुसुमच्या कौलांतून धूर निघाला. आतून खोकला येतोय का, ते मी अंगणात उभा राहून ऐकत होतो. खोकला आलाच.