चार-दहाचं भूत

आमच्या बाबाजींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी त्यांना घाबरावं. ते साखळी-पणजी बस चालवतात, मी त्यांचा कंडक्टर. बसमध्ये त्यांना कोण घाबरणार? शाळेची पोरंसुद्धा त्यांच्या बॉनेटवर खुशाल दप्तरं टाकतात.

बारा वर्षांपूर्वी गावच्या परेशने पाळीच्या एका बंद खाणीत भुताचा सिनेमा काढला. भूत बाबाजी. रक्त कोकमाचं, धूर नारळाच्या सोडणांचा. भूत नायिकेचा गळा दाबत होतं आणि मी वरून शिटी मारली, कारण आमची गाडी चार-दहाला सुटायची. बाबाजींनी एका हाताने गळा तसाच धरून दुसऱ्या हातातलं घड्याळ पाहिलं. परेशकडे पुन्हा शूटिंग करायला ना दिवस उरला होता, ना कोकम.

त्या घड्याळाने सिनेमा अजरामर केला. आमच्या गावात, लाटंबार्शात, दर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभागृहात तो लागतो, लोक साखळीहून येतात. गळा दाबला की अख्खं सभागृह ओरडतं, "भुता, बस सुटली रे!" बाबाजी मागे उभे राहून हसतात. पण घरी जाऊन जेवत नाहीत, असं विनोदिनीवहिनी सांगतात.

यंदा त्यांची मुलगी सुविधा लग्न होऊन पेडण्याला गेली आणि सासरची माणसं जत्रेला येणार ठरलं. व्याह्यांसमोर हसं नको, म्हणून बाबाजींनी परेशच्या मागे लागून घड्याळाचा तेवढा तुकडा कापून घेतला.

भुताने गळा दाबला, नायिका मेली. ओरडायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. घाबरलं कोणीच नाही. मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. बाबाजींचा चेहरा बघवेना, आणि मला फार वाईट वाटलं. शिटी माझीच होती ना.

पुढच्या रांगेतले व्याही मागे वळले. "ओ व्याही, आमी मोबायलार धा फावट बघला. ता घड्याळ बघूकच इलंव."

दहा वेळा पाहिलेला सिनेमा, आणि ही माणसं पेडण्याहून आली होती ती फक्त घड्याळासाठी. मग मी खिशातली शिटी काढून वाजवली. बाबाजी पडद्यापुढे गेले, सावकाश मनगट वर केलं आणि घड्याळ पाहिलं. सभागृह असं काही ओरडलं, की व्याह्यांच्या मांडीवरची, त्यांच्या थोरल्या मुलाची पोर दचकून भोकाड पसरून रडू लागली. आवाजाला घाबरली की बाबाजींना, हे कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी बाबाजींनी दोनदा भात घेतला.