धूर न निघणारं घर

इंग्रजी घेऊन एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. का, असं विचारणाऱ्यांसाठी मी तीन कारणं तयार ठेवली होती. त्यातलं एकही खरं नव्हतं, पण तिन्ही आटोपशीर होती आणि लिफ्ट खाली पोचेपर्यंत सांगून व्हायची. नोकरी परळच्या एका रुग्णालयाच्या भांडारात, घर लालबागला, वर्ग दर रविवारी सकाळी दादरला. सगळं एका बसच्या अंतरात. याहून सोयीची पदवी मला मिळाली नसती.

दुसऱ्या सत्रात जुनी अमेरिकन कविता होती. बारा कविता, आणि प्रत्येकीवर एक पान ‘वैयक्तिक प्रतिसाद’. बारा पानांना मिळून वीस गुण, पास व्हायला आठ. आठ मिळाले नाहीत तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात वैयक्तिक प्रतिसाद तयार मिळतात, हे मला शेजारी बसणाऱ्या मुलीने सांगितलं. ती गिरगावची, तेवीस वर्षांची. पहिल्या रविवारी मला काकू म्हणाली, दुसऱ्या रविवारपासून ताई.

“ताई, तू खरंच बाराच्या बारा लिहिणार?”

“वैयक्तिक म्हटलंय ना.”

“अगं, ते वैयक्तिकच आहेत. फक्त कुणाचे ते माहीत नाही.”

तिने मला तिचा संच दाखवला. स्टेपल मारलेली बारा पानं, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं फुगलेली. मूळ कुणी लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही, दरवर्षी मुलं आपल्या अक्षरात उतरवून काढतात. बाराही पानांची सुरुवात ‘ही कविता वाचून मी भारावून जाते’ अशा अर्थाच्या वाक्याने. एका माणसाला बारा वेळा एकसारखं भारावून जाता येतं, यावर माझा विश्वास बसला नाही. मी संच परत केला.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. रोज जेवणाच्या सुट्टीत एक कविता, तीनदा वाचायची, अडलेले शब्द समासात लिहायचे, घरी जाऊन पान पुरं करायचं. एका कवीच्या कवितेत नुसत्या याद्याच होत्या, कामांच्या, माणसांच्या, ठिकाणांच्या. वर्गात सगळ्यांना तो कंटाळवाणा वाटला. मला पहिल्यांदा वाटलं की साहित्यात माझ्यासारखं कुणीतरी आहे. फक्त त्याच्या यादीत बायका कमी पडल्या होत्या, म्हणून मी समासात चार वाढवल्या आणि प्रतिसादात तसं लिहिलं. बर्फावरच्या कवितेबद्दल लिहिलं की बर्फ मी वरळी कोळीवाड्यात पापलेटच्या टोपलीत पाहिलाय, त्यामुळे कवीची शुभ्र शांतता मला दिसली नाही, मला घाई दिसली, वितळायच्या आत माल विकायची. एका कवितेत कवी आपल्या एकटेपणावर फार खूश होता. त्याच्यावर लिहिलं की मी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत संसार सुरू केला, एकटेपणाची मजा हा माझ्या आवाक्यातला विषय नाही, तरी हेवा वाटला.

सातवी कविता लहान होती. थंडीचे दिवस, एक माणूस रस्त्याने चाललाय. रोजच्या ओळखीच्या घराच्या धुराड्यातून आज धूर निघत नाही. त्याच्या ते लक्षात येतं. तो थोडा थांबतो आणि पुढे जातो. संपली.

मी ती तीनदा वाचली आणि चौथ्यांदाही वाचली. चूल पेटलेली नाही याचा अर्थ मला सरळ कळला. त्या घरात कुणीतरी गेलं होतं.

आमच्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी जेवण पाठवतात. माझे सासरे गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, लग्नाला चार महिने झाले होते, आणि आम्ही लालबागला चाळीत होतो. पहिल्याच दिवशी मजल्यावरून पिठलं-भाताची अकरा भांडी आली. कुणी हाक मारली नाही, काही विचारलं नाही, उंबऱ्याच्या आत ठेवायचे आणि जायचे. कुणाचं कुठलं ते विसरेन म्हणून मी कॅलेंडरच्या मागे लिहीत बसले. सासूबाईंनी पाहिलं.

“अगो, घरातलो माणूस गेलो आणि तू टोपां मोजतंस?”

मी पेन्सिल ठेवली नाही. एरवी शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, चिमूटभर साखर तरी घालायची. त्या दिवसांत मात्र ती रिकामीच परत गेली, ज्याची त्याला, यादीप्रमाणे. ती माझी पहिली यादी. लोकांना वाटतं भांडारातल्या नोकरीने मला याद्यांची सवय लावली. नोकरी नंतरची.

हे सगळं मी सातव्या पानावर लिहिलं. पण तिथे थांबता येईना, कारण त्या रस्त्यावरच्या माणसाचा मला राग आला होता. थांबलास, पाहिलंस, मग दार का वाजवलं नाहीस? आणि हे लिहितानाच मला आमच्या मजल्यावरचं समोरचं दार आठवलं. चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला अठरावा मजला मिळाला, शेजारी नवे आले. साधारण नऊ महिन्यांपूर्वी एका सकाळी समोरच्या दाराबाहेर खूप चपला दिसल्या. आतून कुणाचा तरी आवाज येत होता, तसा आवाज एकाच प्रसंगी येतो. लिफ्ट आली होती. मी म्हटलं, यांची माणसं असतील, जेवणाचं कुणीतरी बघेल. मी कामावर गेले. संध्याकाळी चपला नव्हत्या, मग आता कसं विचारायचं, म्हणून विचारलं नाही. नंतर कळलं की त्या घरातले वडील गेले होते. घरी मागे त्या बाई आणि त्यांची मुलगी.

त्या माणसाने निदान थांबून पाहिलं होतं. मी लिफ्टचं बटण दाबलं. हेही पानावर लिहिलं. शेवटच्या चार ओळी लिहायला मला तीन दिवस लागले, जे माझ्या वेळापत्रकात नव्हते.

बारा पानं मुदतीच्या एक रविवार आधी दिली. पुढच्या रविवारी सरांनी मला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, सौम्य, नेहमी घाईत.

“मॅडम, तुमची इंग्रजी स्वच्छ आहे. पण हे प्रतिसाद नाहीत. ह्या आठवणी आहेत.”

“वैयक्तिक लिहायला सांगितलं होतं, सर.”

“वैयक्तिक म्हणजे घरगुती नव्हे. पापलेट, पिठलं… आणि ही सातवी तर चक्क चुकलीय. त्या घरात कुणी मेलेलंच नाही. पुस्तकामागची टीप वाचलीत का? ते लोक घर सोडून पश्चिमेकडे गेलेत, जमिनी मिळत होत्या म्हणून. घर ओस पडलंय.”

मी टीप वाचली नव्हती. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी भांडारात सही करत नाही, आणि इथे मी कविता चार वेळा वाचून टीप एकदाही वाचली नव्हती.

“पुढच्या रविवारपर्यंत नवीन द्या,” सर म्हणाले. “असं मी आठच्या वर नेऊ शकत नाही, कदाचित आठही नाही. नमुना हवा असेल तर मुलांकडे असेल.”

म्हणजे दुकानातला संच त्यांनाही ठाऊक होता.

घरी येऊन मी टीप वाचली. सरांचं बरोबर होतं. मग बारा पानं टेबलावर मांडून बसले. ह्यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं.

“अगं, वर्षाचा प्रश्न आहे. सातवी काढ, त्या पोरीकडून उतरवून घे एक पान. बाकीची राहू देत.”

“सातवी वाचा आधी.”

ह्यांनी चष्मा आणला. इंग्रजी हळू वाचतात. पान उलटून मागे काही आहे का पाहिलं, मग ठेवून दिलं.

“त्या दाराचं तू मला बोलली नव्हतीस.”

“तुम्हीही त्याच लिफ्टने गेलात त्या दिवशी.”

सातवी काढायचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बाई लिफ्टमध्ये होत्या. ह्यांनी त्यांना विचारलं, “मुलगी कितवीत आहे तुमची?” नऊ महिन्यांत पहिल्यांदा. बाई म्हणाल्या, “आठवीत,” आणि मग तळमजल्यापर्यंत शाळेबद्दल सांगत राहिल्या.

आठवडाभर मी दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहिल्या. नवीन लिहिलं तर वर्ष नक्की वाचतं. जुनं दिलं तर नक्की काहीच नाही. हिशेब इतका साफ होता की त्याला विचार लागायलाच नको होता. पण सातव्या पानाऐवजी दुसऱ्याचं भारावणं उतरवायला बसले की पेन चालेना. ते पान काढणं म्हणजे दुसऱ्यांदा बटण दाबणं होतं, आणि या वेळी लिफ्टची घाई हेही कारण नव्हतं.

रविवारी मी तीच बारा पानं पुन्हा दिली. एक शब्द बदलला नाही. सोबत तेरावं पान जोडलं, त्यावर क्रमांक घालून चार गोष्टी. एक, सातव्या कवितेत मृत्यू नाही, मी चुकले, टीप वाचायला हवी होती. दोन, जिथे न पेटलेली चूल म्हणजे सुतक, तिथल्या वाचकाकडून ही चूक होणारच, आणि तसे वाचक या वर्गात बरेच आहेत. तीन, दुकानातल्या संचात याच धुराड्याचा अर्थ ‘श्रद्धेचा अंत’ असा दिला आहे, टीप तसंही म्हणत नाही, तरी तो दरवर्षी पास होतो. चार, सातवं पान मी मागे घेत नाही.

सरांनी उभ्या उभ्या तेरावं पान वाचलं. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांची नजर थोडी अडकली.

“हे तुम्ही मला शिकवताय का, मॅडम?”

“नाही सर. तुमची दुरुस्ती मिळाल्याची पोच देतेय.”

“वर्ष जाईल, कल्पना आहे ना?”

“पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.”

त्यांनी पानं बॅगेत टाकली. पुढचे तीन रविवार त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी पहिल्या बाकावरच बसत राहिले.

चौथ्या रविवारी गुण लागले. फळ्याशेजारी यादी चिकटवली होती, आणि सगळे तिच्यावर तुटून पडले होते. याद्या वाचायची सवय असल्याने मला वेळ लागला नाही. माझ्या क्रमांकापुढे आठ. बरोबर आठ, वर काही नाही, खाली काही नाही. गिरगावच्या मुलीला सोळा.

ती माझ्याकडे बघून ओशाळली.

“ताई, शप्पथ, मला लाज वाटतेय. माझ्यातले चार घे.”

“आधी ते कुणाचे आहेत ते विचारून ये,” मी म्हटलं, आणि फॉर्म भरायला खाली खिडकीकडे गेले.