पद्माकरकाकांनी परत रचलेला उंचवटा

पद्माकर दामले चिडले की शिव्या देत नाहीत, मोजायची टेप काढतात. पस्तीस वर्षं त्यांनी स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे गिअर तपासले. निवृत्तीनंतर ते आमच्या मराठी क्रिकेट संघाची खेळपट्टी सांभाळतात.

त्सुफेनहाउझेन उपनगराच्या पलीकडचं मैदान आम्हाला यंदा मार्चमध्ये मिळालं. मधोमध मातीचा फूटभर उंचवटा होता. काकांनी आम्हा सगळ्यांना रोलरला जुंपून तो सपाट केला आणि खेळपट्टीवर नारळ फोडला. कुंपणापाशी उभ्या असलेल्या रेनाटे नावाच्या जर्मन बाईंनाही खोबरं दिलं. पंचाहत्तरीच्या त्या बाई तुकडा हातात धरून रडायलाच लागल्या.

त्यांनी पर्समधून १९४९ सालचा फोटो काढला. त्याच उंचवट्यावर चेंडू फेकायच्या पवित्र्यात एक काळा अमेरिकन सैनिक होता, त्यांचे वडील. तेव्हा अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, आणि या मैदानावर त्यांचाच बेसबॉल संघ खेळायचा; बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा अशाच उंचवट्यावर उभा राहतो. बाई जन्मायच्या आधीच वडिलांची बदली झाली, ते परत आलेच नाहीत. बाईंपाशी उरला होता फोटो आणि तो उंचवटा.

आपल्याला इथे कुणी परकं म्हटलं की आपण केवढे पेटतो! आणि दुसऱ्याची खूण पुसून आम्ही वर नारळ फोडला. मला आजही स्वतःची लाज वाटते.

पुढच्या महिन्यात मैदानाच्या संस्थेनं फलक लावला : 'येथे अमेरिकन सैनिक खेळत.' बस्स! काळ्या संघाबद्दल अवाक्षर नाही. काका फोटो घेऊन अध्यक्षांकडे गेले.

"आल्झो... हे बघा, फोटो कुठलाही असू शकतो," अध्यक्ष म्हणाले. "मैदानात तशी काही खूणच नाही."

काका लालबुंद होऊन परतले. अध्यक्षांपेक्षा त्यांना स्वतःचाच राग जास्त आला होता.

शनिवारी सामना रद्द करून ते फावडं आणि टेप घेऊन आले. फोटोवरून उंची काढली आणि आमच्या खेळपट्टीच्या छाताडावर उंचवटा परत रचायला घेतला. कुणी कुरकुरलं की म्हणत, "आधी माती ओत, मग बोल." संध्याकाळी रेनाटेबाई काठी टेकत वर चढल्या आणि वडिलांच्या जागी उभ्या राहिल्या.

अध्यक्ष धावत आले. "हेर दामले, ही कुणाची परवानगी?"

काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकली.

"आम्ही तो सपाट केला, तेव्हा तुम्ही हे विचारलं नव्हतंत."