भीमाजी पडला नाही

माझे मित्र भीमाजीराव गेले त्या पहाटे मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण दिवसकार्याला जमलेल्या मंडळींत प्रत्येकाजवळ त्या पहाटेची एकेक हकीकत होती आणि त्यांतले कोणीही तेथे नव्हते. दोर सुटला, म्हातारा पडला, धसक्याने गेला... ही कथा आमच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून निघून एव्हाना चेन्नईच्या नातलगांपर्यंत पोहोचली आहे. तिचे जनक भीमाजीचे मेहुणे शेषगिरीराव. कथा खोटी आहे.

तिरुवैयारुच्या अलीकडे, कावेरीकाठच्या आंबराईत भीमाजीने आणि मी आपापली हॅमॉक बांधली होती. हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये टांगलेली कापडी झोळी. तिच्यात निजून उघड्यावर रात्र काढायची. उजाडल्यावर मी कॉफी ओतली आणि हाक मारली. भीमाजी झोळीतच होता, शाल गळ्यापर्यंत ओढलेली, चष्मा खिशात. झोपेत हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. त्याआधीच आंबराईच्या राखणदाराने आणि मी त्याला उतरवून चटईवर निजवले होते. त्यामुळे नातलगांना दिसला तो जमिनीवरचा भीमाजी आणि वर मध्यभागी खोल लोंबणारी रिकामी झोळी. शेषगिरीराव तिच्याकडे पाहत म्हणाले, "दोर किती सैल बांधलाय बघा. पडणार नै तर काय होणार?"

आमच्या घरांत तुळईला साखळ्यांनी टांगलेला लाकडी झोपाळा असतो आणि त्याची फळी पाण्यासारखी सपाट असावी लागते. टांगलेली वस्तू वाकली, तर टांगणारा निष्काळजी, हे आम्ही लहानपणापासून शिकतो. शेषगिरीरावांनी त्या फळीचा न्याय कापडाला लावला आणि उभ्या आयुष्यात एक गाठ सैल न सोडणाऱ्या माणसाला मेल्यावर गबाळा ठरवले. हा राग मला गिळता येत नाही.

भीमाजी वीज खात्यात अभियंता होता. निवृत्तीनंतर त्याला हा नाद लागला, आणि माझी इच्छा न विचारता त्याने मलाही त्यात ओढले. पहिल्या दिवशी मी अंगातले सगळे बळ लावून झोळी तारेसारखी ताणली. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "तुळजू, तू निजणार आहेस की स्वतःला वाळत घालणार?" मग त्याने पट्टे सैल केले. दोन खांबांमधली तारही आम्ही झोळ ठेवूनच ओढतो, म्हणाला. ताणली की खांबावर ओढ वाढते, आणि झोळीत तर माणूस कडेवरून उलटतो. खोल झोळीत तिरपे निजायचे, म्हणजे पाठ सरळ राहते. मी निजलो. पाठ सरळ राहिली. हे त्याच्यापाशी मी कबूल केले नाही, पण ते त्याला ठाऊक होते.

सामानाच्या बाबतीत तो छळवादी होता. बारीक नायलॉन दोरी झाडाची साल कापते, म्हणून रुंद पट्टाच हवा. ज्या कडीवर ती किती भार पेलते ते कोरलेले नाही, ती कडी किल्ल्या अडकवायला ठेवावी. पट्ट्याला झोळीच्या अलीकडे सुतळीचा तुकडा लोंबता ठेवायचा, म्हणजे पावसाचे पाणी तेथेच गळते, अंथरुणात येत नाही. नारळाखाली तर तो सावलीलाही उभा राहत नसे. दर वेळी आधी सबंध भार टाकून बसायचे, मगच पाय वर घ्यायचे... त्या शेवटच्या संध्याकाळीही तो तसाच बसला होता, मी पाहिले आहे.

मासिक श्राद्धाच्या दुपारी शेषगिरीरावांनी झोळी, पट्टे, कड्या पिशवीत भरून दाराशी ठेवल्या होत्या. जीव घेतलेली वस्तू घरात नको, भंगारवाल्याला देतो, म्हणाले. मी पिशवी उचलली आणि त्यांना रिक्षात बसवले. आंबराईत त्याच दोन झाडांना, त्याच पट्ट्यांनी, तितकाच झोळ ठेवून मी ती झोळी बांधली.

"बसा."

"मी कायला बसू? मला बीपी आहे."

"भीमाजी वजनाने तुमच्या निम्मा होता. त्याला तिने पाडले म्हणता ना, मग तुम्हांला तर नक्की पाडेल. बसा."

राखणदार ऐकत होता, म्हणून ते बसले. पट्टा करकरला आणि थांबला. मी पाय वर घ्यायला लावले, तिरपे निजायला लावले. "सैलच आहे," ते आकाशाकडे बघत म्हणाले. त्यांनी चपला खाली टाकल्या, धोतर सावरले. थोड्याच वेळात ते घोरू लागले.

मी झाडाशी उभा राहिलो. त्यांचा फोन माझ्या हातात होता. उठले की त्यांना चेन्नईपासून सुरुवात करायची होती, भीमाजी पडला नाही हे एकेका नातलगाला सांगायचे होते, माझ्यासमोर.