पलीकडच्या स्वाराची जागा

चर्चमध्ये सगळ्यांचं 'आमेन' म्हणून झालं होतं आणि एक आवाज अजून प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीतच होता. मोठा नव्हता तो, पण घाईतही नव्हता. सगळं चर्च माना वळवून बघत असताना त्या तरुणानं उरलेले शब्द एकेक करून पुरे केले आणि हॅट मांडीवर ठेवून तो खाली बसला.

"डेल्मर," पाळकसाहेब म्हणाले, "देवाला आज अजूनही कामं आहेत बरं का."

"असतील, पाळकसाहेब. पण घाई केली की गुरं बुजतात."

कॉटरव्हिलच्या शाळेत शिक्षिका म्हणून येऊन मला तेव्हा महिनाही झाला नव्हता. शेजारच्या बाई माझ्या कानाशी लागल्या, "प्रूएटांचा धाकटा. गुरांच्या रँचवर कामाला असतो. त्याला डावीकडे जा म्हणा, तो उजवीकडे जाईल." टेक्ससच्या आमच्या या वरच्या भागात असं बोलणं तक्रारीचं असतं की कौतुकाचं, हे इतकी वर्षं इथं काढूनही मला नक्की सांगता येणार नाही.

पुढच्याच आठवड्यात तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मुलं घरी गेली होती. बुटांची माती त्यानं पायरीवर घासली आणि आत न येताच विचारलं, "बाई, गाणं करताना शब्द कमी पडला तर काय करायचं?"

"आणखी शब्द शिकायचे," मी म्हणाले. शिक्षिकेनं दुसरं काय म्हणायचं?

"आणि त्या जागी गप्प राहिलं तर?"

"तर तिथं काहीतरी राहून गेलंय असं ऐकणाऱ्याला वाटेल."

"हां," तो म्हणाला. एवढंच त्याला हवं होतं बहुतेक, कारण तो लगेच निघून गेला.

त्यानंतर तो अधूनमधून माझ्या ओट्यावर येऊन बसू लागला, आणि नेहमी युसेबियो लुखान बरोबर असे. युसेबियो त्याच रँचवर कामाला होता, डेल्मरपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. त्याचे आजोबा या माळावर गुरं राखत होते तेव्हा आमच्यापैकी कुणाचे आजोबा इकडे आलेसुद्धा नव्हते. तरी मेक्सिकन म्हणून गावात त्याला केस कापायला न्हाव्याकडे मागच्या दारानं जावं लागे. डेल्मरही मग मागच्याच दारानं जाई. न्हावी वैतागायचा. "अरे, तुला पुढचं दार आहे ना!" डेल्मर म्हणायचा, "हे जवळ पडतं." खरं तर ते सगळ्या इमारतीला वळसा घालून होतं.

रात्रीच्या पहाऱ्याची पद्धत मला या दोघांनीच सांगितली. त्या दिवसांत आमच्याकडची गुरं रेल्वेच्या फाट्यापर्यंत चालवत न्यायचे. रात्री खिल्लार माळावर बसवलं की दोन स्वारांनी त्याच्याभोवती घोड्याच्या साध्या चालीनं फिरायचं, एकानं या अंगानं आणि दुसऱ्यानं उलट्या. फिरताना गात राहायचं. अंधारात एखादी काडी मोडली तरी सगळं खिल्लार उठून उधळतं, पण ओळखीचा आवाज चालू असला तर गुरं रवंथ करत पडून राहतात. आणि एक कडवं एकाचं, पुढचं दुसऱ्याचं. आपलं झालं की थांबून कान द्यायचा. पलीकडून उत्तर आलं, तर तिकडं सगळं ठीक आहे. नाही आलं, तर पलीकडे काहीतरी घडलंय, घोडा वळवायचा आणि जायचं.

डेल्मरचं सगळ्यात गाजलेलं गाणं याच पहाऱ्यावर झालं. त्याचं कडवं असं होतं:

*पलीकडे कोण आहे, अंधाराच्या काठी?*
*थकला का रे घोडा तुझा, जागा ना माझ्यासाठी?*

आणि युसेबियो त्याच्या स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचा. त्याचा अर्थ असा:

*आहे रे मी, इथंच आहे, चांदणं खोगिरावर.*
*निजू दे या लेकरांना, गात ये हळुवार.*

ही पहिली दोन कडवी दोघांनी केली होती, ज्याची त्यानं. मी दोन्ही वेगवेगळी कितीदा तरी म्हणून पाहिली आहेत. एकेकटं कडवं अगदी साधं वाटतं.

अमरिलो शहरातल्या रेडिओवर डेल्मर गायला लागला, तिथं कुणीतरी ऐकलं आणि कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं त्याला सिनेमासाठी बोलावलं. तेव्हा गाणाऱ्या काउबॉयच्या सिनेमांना ऊत आला होता. आठवड्यात एक सिनेमा पुरा व्हायचा. दुष्टाला पकडायचं, मुलीला वाचवायचं आणि मधे तीन गाणी. डेल्मर म्हणाला, युसेबियो बरोबर असेल तर येतो. त्यांनी हो म्हटलं. घोडे धरायला आणि दुष्टाच्या टोळीत मरायला माणूस लागतोच.

सुटीत दोघं आले तेव्हा डेल्मरच्या अंगात गुलाबांचं भरतकाम केलेला सदरा होता.

"यात गुरांसमोर गेलास," युसेबियो म्हणाला, "तर गाणं ऐकायला एकही थांबणार नाही."

"तुझं काय, तू तर प्रत्येक सिनेमात मरतोस!"

"चारदा मेलो, बाई," युसेबियो मला म्हणाला. "दोनदा याच्याच गोळीनं. नेम अजून तसाच आहे याचा, मलाच पडावं लागतं नीट बघून."

हसत होते दोघंही. पण पुढच्या सिनेमात ते गाणं घ्यायचं ठरलं आणि हसणं संपलं. निर्माता गॉर्सलिन नावाचा होता. त्यानं युसेबियोचं कडवं ऐकलं आणि मान हलवली. मेक्सिकन माणूस नायकाला उत्तर देतोय, तेही बरोबरीनं, घोड्यावर बसून, हे चालायचं नाही. त्या जागी व्हायोलिनं घाला.

"ती जागा व्हायोलिनांची नाही," डेल्मर म्हणाला.

"मग दुसरं कडवंही तूच गा."

"मी एकाच वेळी दोन्हीकडे कसा असेन?"

"अरे, सिनेमा आहे तो! कुणाला कळतंय?"

"आमच्याकडे सगळ्यांना कळतं."

युसेबियो बाहेर घोडे धरून उभा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. त्यानं लगाम खांबाला बांधले आणि संध्याकाळच्या गाडीनं तो गावी परतला. मला एवढंच म्हणाला, "चारदा पुरे झालं मरून."

डेल्मरनं तिथं काय केलं, ते नंतर कळलं. ध्वनिमुद्रणाला तो उभा राहिला, पहिलं कडवं म्हटलं आणि युसेबियोच्या कडव्याइतका वेळ गप्प राहिला. मग तिसरं कडवं सुरू केलं. व्हायोलिनवाले तयार होते, पण त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. पुन्हा म्हणायला लावलं, त्यानं पुन्हा तेच केलं.

"पडद्यावर काहीच ऐकू आलं नाही," गॉर्सलिन ओरडला, "तर लोकांना वाटेल यंत्र बिघडलं!"

"बिघडलंयच काहीतरी," डेल्मर म्हणाला. "कळू दे त्यांना."

चित्रीकरणाचे दिवस संपत आले होते. नंतर भरून घेऊ, असं म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं, आणि नंतर म्हणता म्हणता सिनेमा थिएटरांकडे निघूनही गेला.

आमच्या गावी तो ऑक्टोबरमध्ये लागला. डेल्मर स्वतः येणार होता आणि सिनेमा संपल्यावर रंगमंचावर गाणार होता. मिस्टर टिलीटांच्या थिएटरात खाली गोऱ्यांनी बसायचं आणि वर बाल्कनीत मेक्सिकन लोकांनी, त्यांचा जिना बाहेरून. खाली पहिल्या रांगेत टिलीटांनी डेल्मरला मधोमध बसवलं होतं, लग्नातल्या नवरदेवासारखं. मी चौथ्या रांगेत होते. माझ्या शेजारी बक कोकर, रँचचा म्हातारा मुकादम. त्याला सिनेमातलं काहीच पटत नव्हतं. "एवढा पळवला घोडा, आता पाणी कोण पाजणार त्याला?" असं त्याचं चाललं होतं.

मग ते गाणं आलं. पडद्यावर चांदणं, घोडा चालीनं चाललेला. *पलीकडे कोण आहे?* कडवं संपलं आणि सगळं शांत झालं. डेल्मर पडद्यावर मान कलती करून ऐकत होता. थिएटरात जेवढे काउबॉय होते, आणि आमच्याकडे निम्मं गाव काउबॉय आहे, ते खुर्चीत हलायला लागले. बक कोकर अर्धवट उठला. सत्तरीचा माणूस, हात नकळत कमरेशी, लगाम शोधत असल्यासारखा. "गेला की काय रे तो?" तो पुटपुटला. "जा ना कुणीतरी, बघा!"

आणि तेव्हा वरून उत्तर आलं.

*आहे रे मी, इथंच आहे.*

युसेबियो बाल्कनीच्या कठड्याशी उभा होता. हॅट हातात. आपलं सगळं कडवं त्यानं म्हटलं, एक शब्द न गाळता, आणि ते संपायला आणि पडद्यावरचं तिसरं कडवं सुरू व्हायला एकच गाठ पडली. डेल्मरनं तेवढीच जागा ठेवली होती. बक कोकर खाली बसला आणि त्यानं मोठा श्वास सोडला.

"दिवे लावा!" टिलीट ओरडले. सिनेमा थांबला. "ए, वरच्यांनो! गप्प बसायचं, नाहीतर बाहेर काढीन सगळ्यांना!"

डेल्मर पहिल्या रांगेतून उठला. गिटार घेतली आणि मधल्या वाटेनं चालत दारापाशी गेला. घोड्याच्या चालीनंच चालला होता, टिलीट मागे मागे.

"अरे, रंगमंच तिकडं आहे! कुठं निघालास?"

"पलीकडे," डेल्मर म्हणाला. "उत्तर आलंय, भेटायला नको?"

"त्या जिन्यानं वर गेलास ना, तर तुझा एकही सिनेमा इथं परत लागणार नाही. सांगून ठेवतो!"

"मग तुम्हाला आमचं गाणं प्रत्यक्षच ऐकावं लागेल, मिस्टर टिलीट. तिकीटही न काढता."

बाहेरच्या लाकडी जिन्यावर त्याचे बूट वाजलेले आम्ही सगळ्यांनी ऐकले. तो युसेबियोशेजारी कठड्याला टेकला आणि दोघांनी ते गाणं पहिल्यापासून म्हटलं. ऐकायचं तर खालच्या सगळ्यांना रंगमंचाकडे पाठ करून, माना वर करून बघावं लागत होतं. काहीजण उठून गेले. पाळकसाहेब राहिले, आणि या खेपेला त्यांनी कुठल्याही कामाची आठवण काढली नाही. गाणं संपलं तेव्हा बक कोकर माझ्याकडे वळून म्हणाला, "असं असतं ते, बाई." जसं काही मीच सिनेमा काढला होता आणि चुकवला होता.

बातमी कॅलिफोर्नियात पोचायला वेळ लागला नाही. आमच्याकडे तेव्हा फोन होता तो वाणसामानाच्या दुकानात, त्यामुळे गॉर्सलिनचा फोन आला तेव्हा डेल्मरची बाजू गावानं ऐकली. मीही साखर घेत होते.

"नाही," डेल्मर म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. "नाही. ... व्हायोलिनं असतील चांगली, माझं त्यांच्याशी भांडण नाही. ... बरं, मग त्याला बोलवा. घोड्यावर बसवा, त्याचं नाव घाला आणि मारू नका. ... नाही ना? मग माझंही नाही."

फोन ठेवून त्यानं दुकानदाराला विचारलं, "कॉफी ताजी आहे का?"

तिथं त्याचं सिनेमातलं करिअर संपलं. पुढं ते गाणं दुसऱ्या एका गायकानं म्हटलं, व्हायोलिनांसकट, आणि ते देशभर वाजलं. अजूनही रेडिओवर लागतं. डेल्मर ते ऐकतो, पण व्हायोलिनं आली की बटण फिरवून रेडिओ बंद करतो, मनात युसेबियोचं कडवं पुरं होऊ देतो आणि पुन्हा लावतो. अंदाज कधी चुकलेला मी पाहिला नाही. त्याची बायको वर्नाबाई म्हणते, "त्या बटणानं काय पाप केलंय? मोडेल एक दिवस!" तो म्हणतो, "मोडू दे. नवीन बसवू."

तो गावी परतला, घोडे शिकवू लागला, आणि शनिवारी गुरांच्या बाजाराच्या मांडवात दोघं गाऊ लागले. सगळ्यांना बसायला त्याच बाकांच्या रांगा होत्या, कारण तिथं वरची बाल्कनी बांधायला जागाच नव्हती. टिलीटांचं थिएटर पुढं बंद पडलं, आणि स्वतः टिलीटही एका शनिवारी मांडवात येऊन बसलेले मी पाहिले. डेल्मर त्यांना फक्त सरकून बसा म्हणाला, मागे माणसं उभी आहेत.

आता डेल्मर चौसष्टचा आहे. दोघं अजून दर शनिवारी गातात. गेल्या हिवाळ्यापासून युसेबियोला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून डेल्मर त्याच्या उजव्या बाजूला बसतो.