दादाच्या पिकअपची पिवळी काच

आधीच सांगून टाकते. या सदरात येणारे अनुभव मी वाचते ते चुका काढायला. अमावस्या, पांढरी साडी, उलटे पाय... आणि सांगणाऱ्याच्या मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली! माझं पोट उजेडावर चालतं. मी गाड्यांचे हेडलाइट डिझाइन करते. अंधुक उजेडात माणसाला नसलेलं काय काय दिसतं आणि का दिसतं, हे मी रीतसर शिकलेय. त्यामुळे हे लिहायची वेळ माझ्यावर यावी याचाच मला राग आहे. तो खाली जागोजागी दिसेल. सांभाळून घ्या, नाही घेतलंत तरी चालेल.

आम्ही नळदुर्गचे. घर गावात, आणि माझी शेड हायवेला, एका ढाब्याच्या मागच्या अंगाला. आधी पुण्याला नोकरी होती, आता कामं इथूनच करते. घरात अव्वा, म्हणजे आमची आई, मी आणि माझा मोठा भाऊ मल्लूदादा. दादाची पिकअप होती. टोमॅटो, द्राक्षं, कधी कुणाच्या लग्नातली भांडी... सोलापूरपासून उमरग्यापर्यंत मिळेल ते भाडं मारायचा. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तो अणदूरहून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. वेळ दिवेलागणीची. सर्व्हिस रोडवर त्याने एकदम स्टिअरिंग मारलं आणि गाडी तुरीच्या शेतात उजव्या कुशीवर आडवी झाली. पाय मोडला, बाकी निभावलं. लोक धावत आले तेव्हा तो एकच विचारत होता, "म्हातारी कुठंय? म्हातारीला लागलं का?"

म्हातारी कुठेच नव्हती. लोकांनी तुरीचं रान पालथं घातलं, रस्त्याकडेची चारी बघितली. कोणी नाही.

दादाचं म्हणणं असं — डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बुटकी म्हातारी रस्ता ओलांडत होती. उजेड कमी झाला म्हणून त्याने त्याच वेळी हेडलाइट लावले, आणि ती मधोमध थांबली. पळाली नाही. एक हात गाठोड्याला तसाच, दुसरा कपाळाला नेऊन तिने नमस्कार केला!

इथेच बिचाऱ्याचा घात झाला. नुसती म्हातारी दिसली म्हणाला असता तर चारचौघांनी मानलंही असतं. पण समोरून गाडी येतेय आणि माणूस उभं राहून नमस्कार करतंय? आमचे बसूकाका, वडिलांचे चुलतभाऊ, दादाच्या खाटेशेजारी बसून म्हणाले, "मल्ल्या, किती घेतली व्हतीस ते सांग की. आपलीच मान्सं हायती."

माझा दादा सुपारीसुद्धा खात नाही. पण काकांच्या तोंडून निघालेली गोष्ट गाव फिरून आली ती पक्की होऊनच. व्यापारी भाडं देईनात. पाय बरा झाला, पिकअप कशीबशी दुरुस्त होऊन माझ्या शेडशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली, आणि दादा दिवसभर ओट्यावर. हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण एक दिवस जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "असंल बाबा. झपकी लागली असंल. म्हातारी न्हवतीच म्हन की."

मला ते सहन झालं नाही. माणसाला लोकांनी खोटं ठरवणं वेगळं, आणि त्याने स्वतःलाच खोटं ठरवणं वेगळं. मी ताटावरून उठले.

माझ्याकडे माझं उत्तर होतं. आता थोडं धंद्यातलं सांगते, कंटाळू नका. हेडलाइटची पुढची काच ही काच नसतेच, प्लॅस्टिक असतं. आपल्याकडच्या उन्हाने ते काही वर्षांत पिवळं आणि धुरकट होतं. पण ते मागच्या डब्याला कायमचं चिकटवलेलं असल्यामुळे नुसती काच बदलता येत नाही, अख्खा हेडलाइट घ्या! मग लोक काय करतात? टूथपेस्ट घासतात. नाही तर तशीच चालवतात. अशा धुरकट काचेतून उजेड सरळ पडत नाही, फाकतो. समोर पांढुरका पडदा तयार होतो आणि त्यात झुडूपसुद्धा म्हातारी वाटू शकतं.

म्हणजे दादा पिला नव्हता आणि भूतही नव्हतं. गुन्हेगार ती पिवळी काच. हे सिद्ध करायचंच, या हट्टाने मी माझं डिझाइन हातात घेतलं — काच बदलता येणारा हेडलाइट. बरणीचं झाकण जसं फिरवून बसतं तशी काच फिरवून बसवायची, मध्ये रबराची रिंग. स्क्रू-ड्रायव्हर नको, मेकॅनिक नको. पाणी शिरू नये, आत वाफ धरू नये, यातच माझे कितीतरी महिने गेले.

जमल्यावर मी दादाच्या गाडीचा शाबूत राहिलेला डावा हेडलाइट काढला, त्याच्या पिवळ्या काचेतून एक गोल चकती कापली आणि माझ्या दिव्यात बसवली. शेडची मागची भिंत मी उजेड तपासायला पांढरी रंगवली आहे. नव्या काचेतून तिच्यावर रेघ मारल्यासारखा उजेड पडतो, डावीकडे जरा वर चढलेला. जुन्या चकतीतून तो कसा विस्कटतो त्याचे फोटो काढायचे, गावाला दाखवायचे, विषय संपला.

संध्याकाळ होत आली होती. ढाब्यावर भट्टी पेटल्याचा वास येत होता. मी बटण दाबलं.

उजेड विस्कटला, अगदी अपेक्षेप्रमाणे. आणि त्या विस्कटलेल्या पिवळ्या उजेडात एक सावली होती. बुटकी. डोक्यावर गाठोडं. एक हात गाठोड्याला... दुसरा खालून वर गेला, कपाळाला टेकला आणि तिथेच राहिला.

मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. दार बंद होतं. "कोण आहे?" म्हणून ओरडले, तेही चांगलं दरडावून. दिवा बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा सावली, पुन्हा हात खालून वर.

आता तुम्ही म्हणाल काचेवर डाग असेल. मला शिकवू नका! काचेवरचा डाग दिव्याच्या इतक्या जवळ असतो की भिंतीवर त्याची रेखीव सावली पडूच शकत नाही, नुसता धूसर पट्टा येतो. तरी मी चकती फिरवली. डाग असता तर म्हातारी आडवी झाली असती, उलटी झाली असती. ती सरळच उभी. दिवा मागे-पुढे नेला, ती लहान-मोठी झाली नाही. अव्वा दर अमावस्येला गाडीच्या 'डोळ्यांना' भंडारा लावते, म्हणून चकती साबणाने धुतली. नवी काच बसवली की भिंत स्वच्छ. जुनी बसवली की बाई हजर. मी नुसती चिडलेय, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मी घाबरले होते.

दादाला दाखवायचं की नाही? खूप विचार केला. नाही दाखवलं तर तो स्वतःला खोटारडा समजत म्हातारा होणार. मी फोन केला. तो लंगडत आला. बटण दाबल्यावर तो खालच्या फरशीवरच बसला. मग लहान पोरासारखा हुंदके देत म्हणाला, "वैजे... म्या पिलो न्हवतो की गं."

"माहितीये मला," मी म्हटलं. आणि मीही रडले. काय लपवायचं त्यात.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. कसं, ते विचारू नका, ढाब्याची भिंत आणि आमची भिंत एकच. बसूकाका दोघा-तिघांना घेऊन शेडमध्ये हजर. सावली बघून चेहरा पांढरा पडला त्यांचा. म्हणाले, "जागाच वंगाळ हाय ती! पोरी, लिंबू आन, उतारा टाकू. काच फोड अन् बोरी नदीत सोड."

माझी सटकली. "काका, इतके दिवस दारू होती. आज भूत कसं झालं?"

"आगं, तवा कुनाला म्हाईत..."

"दादाला माहीत होतं. त्यानं सांगितलं होतं तुम्हाला. माफी मागायची सोडून लिंबू काय मागताय?"

तेवढ्यात अव्वा सकाळपासून शेडमध्येच बसून असलेल्या दादाचा जेवणाचा डबा घेऊन आत आली. तिने अजून काही बघितलं नव्हतं. तिला दाखवायला म्हणून मी दिवा बंद करून पुन्हा लावला... आणि मला जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अव्वाच्या एका हातात डबा. दिवा लागताच तिचा दुसरा हात आपोआप कपाळाला गेला. भिंतीवरच्या सावलीचाही गेला. दोघींचा एकदम.

सगळे वळून अव्वाकडे बघायला लागले. अव्वाच म्हणाली, "असं काय बघायलात? दिवा लागल्यावर बाई हात जोडनारच की. त्यात येडं काय हाय?"

आपल्याकडे संध्याकाळी घरात पहिला दिवा लागला की हात जोडतात. ट्यूबलाइट लागली तरी जोडतात. मी लहानपणापासून अव्वाला यावरून चिडवत आलेय, "वीज कंपनीला नमस्कार का गं?" म्हणून. आणि हेच मला सुचलं नव्हतं. ती म्हातारी गाडीला बघून थांबली नव्हतीच. रस्त्यात तिन्हीसांजेचा दिवा लागला, म्हणून थांबली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी दादा म्हणाला, "गाडी काढू या." अपघातानंतर पहिल्यांदा. अव्वाने नको म्हटलं नाही. मी दोन्हीकडे माझे नवे हेडलाइट बसवले, आणि पिवळी चकती खिशात घेतली.

अणदूरच्या अलीकडे, दादाची गाडी उलटली तिथेच, ओढ्यावरचा लहान पूल आहे, पांढऱ्या कठड्याचा. हायवे मोठा व्हायच्या आधी तिथून एक पायवाट जायची, या रानातून त्या रानात. आता ती रस्त्याने मधोमध तुटली आहे. दादाने अलीकडे गाडी कडेला घेतली. अजून बराच उजेड होता. मी उतरून डाव्या दिव्याची नवी काच फिरवून काढली, चकती बसवली. उभ्या उभ्या झालं काम. डिझाइन पास, असं मनात आल्याचं आठवतंय. माणसाचं डोकं कुठे चालतं बघा.

अंधारून आलं तसा दादाने दिवा लावला. कठड्यावर ती होती. हात वर गेला. कपाळाला टेकून राहिला.

आम्ही बघत बसलो. शेजारच्या हायवेवरून ट्रक जात होते, त्यांचा उजेड कठड्यावरून सरकायचा, पण ती जागची हलत नव्हती. बऱ्याच वेळाने दादा अगदी हळू म्हणाला, "वैजे, दिवा हाय तवर ती न्हाय हलायची. दिव्याकडं पाठ कशी करंल?"

त्याने दिवा बंद केला.

म्हणाला, "जावा आजी. सावकाश जावा."

मी तुम्हाला शपथेवर एवढंच सांगू शकते की काही दिसलं नाही. पलीकडच्या तुरीत काटक्या मोडल्याचा आवाज झाला, अलीकडून पलीकडे दूर जाणारा. कुत्रं असेल. रानडुक्कर असेल. मी अजूनही पहिलं नाव त्यांचंच घेईन. आवाज थांबल्यावर दादाने पुन्हा दिवा लावला. कठडा रिकामा होता.

ती चकती माझ्याकडे आहे. भिंतीवर आता नुसता घाणेरडा पिवळा उजेड पडतो, कोणत्याही जुन्या काचेचा पडतो तसा. त्या पायवाटेवर कधी कोणी म्हातारी गेली होती का, हे मी दोन्ही बाजूंच्या रानात विचारलं. कोणालाच माहीत नाही. सावली का पडत होती, फक्त त्याच काचेतून का, आणि मग का गेली... माझ्याकडे उत्तर नाही. हे वाक्य लिहिताना मला किती त्रास होतोय ते माझं मला माहीत.

व्हिडिओ काढलाय का? काढलाय. टाकणार नाही. दादाला पुन्हा लोकांच्या तोंडी द्यायचं नाहीये मला. तो गाडी चालवतो आता, भाडंही मिळतं. बसूकाका समोर आले की रस्ता बदलतात. बदलू देत. ज्यांना भूत हवंय त्यांनी भूत म्हणा, ज्यांना भास हवाय त्यांनी भास म्हणा. पण एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. माझा दादा पिला नव्हता. समोर एक म्हातारी उभी आहे एवढंच त्याला दिसलं, आणि तिला लागू नये म्हणून त्याने स्वतःची गाडी, स्वतःचा पाय मोडून घेतला. ती कोण होती याने त्यात काही फरक पडत नाही.

मी दिव्याला अजूनही हात जोडत नाही. अव्वा म्हणते, जोड. नाही जोडत. फक्त संध्याकाळी शेडमध्ये बटण दाबायच्या आधी जरा थांबते. कोणी ओलांडत असेल तर ओलांडू दे.