बाबारावांची सही

माझे वडील बाबाराव यांची सही सुरेख होती, आणि तिचा त्यांना भारी तोरा होता. आजा दुसऱ्याच्या शेतावर सालदार, जन्मभर अंगठा लावणारा. वडील मात्र तेलुगू मुलखातल्या, इचोड्याकडच्या एका खेड्यात मराठी शाळेचे गुरुजी. पोलिसांना पंचनाम्याला पंच हवा असला की बोलावणं ह्यांनाच. पंचनामा असायचा तेलुगूत, आणि वडिलांना तेलुगू वाचता येत नव्हतं. तसं सांगायला मात्र जीभ रेटत नसे. कागदावरून नजर फिरवायची, मान हलवायची, सही ठोकायची. हे लिहितानाही मला लाज वाटते.

सत्त्याऐंशी साली पोलिसांनी आमच्या शेजारच्या चंपतला उचललं. त्याच्या घरात ज्वारीच्या कणगीत गावठी बंदूक सापडली म्हणे. आठवड्याने त्याची बायको भागीरथा एक कागद घेऊन आमच्या ओट्यावर आली.

"गुरुजी, वकिलानं पंचनाम्याची नक्कल देल्ली. का लिवलं हाय, वाचून सांगा नं."

वडिलांनी कागद घेतला. खाली पंच म्हणून त्यांचीच सही होती, ठाण्यात चहा पिता पिता केलेली. चंपतच्या घरात त्या दिवशी त्यांनी पाऊलही टाकलं नव्हतं.

"कोर्टाच्या कामाचं हाय," ते म्हणाले. "तुले नाई समजायचं."

भागीरथा गेली. मी दारातच उभी होते. सही मलाही दिसली होती, आणि मीही गप्प बसले.

चंपतच्या वकिलाने हैदराबादचं हायकोर्ट गाठलं. बंदूक पोलिसांनीच आणून ठेवली अशी तक्रार, म्हणून कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला. महायुद्धाच्या काळात लष्करी खरेदीतली लाचखोरी पकडायला दिल्लीने जे पोलीस नेमले, त्यांच्यातूनच त्रेसष्ट साली सीबीआय उभी राहिली. आमच्याकडे कोणी तिचं नावही धड ऐकलं नव्हतं. हुकूम यायला वर्ष गेलं, आणि ते वर्ष चंपतने तुरुंगात काढलं.

सीबीआयचा इन्स्पेक्टर उटनूरच्या डाकबंगल्यात उतरला होता. त्याने वडिलांना बोलावलं. मी व्हरांड्यातून ऐकत होते. माणूस परमुलखातला, हिंदी बोलणारा. आवाज चढवणं नाही की टेबलावर हात आपटणं नाही.

बंदूक निघाली तेव्हा तुम्ही तिथं होता? होतो, वडील म्हणाले. कणगी घरात कुठं होती? ते ह्यांनी पाहिलंच नव्हतं. मग त्याने तोच पंचनामा पुढे सरकवला आणि पहिली ओळ वाचून दाखवायला सांगितली.

वडिलांनी नेहमीसारखी कागदावरून नजर फिरवली, मान हलवली. शेवटी म्हणाले, "तेलुगू नहीं आती, साब." एकदा हे तोंडातून निघालं, आणि वीस वर्षांतल्या सगळ्या सह्या बाहेर आल्या.

इन्स्पेक्टरने जबाब लिहून घेतला. वडिलांनी सवयीने खिशातलं पेन काढलं.

"साइन नहीं चाहिए, गुरुजी."

तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायला कायद्याचीच मनाई असते, आणि तो नियम सीबीआयलाही आहे. जे आहे ते कोर्टात, सगळ्यांदेखत, तोंडाने सांगायचं. वडिलांना वाटलं होतं, एका सहीवर गुपचूप भागेल. बाहेर येऊन ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. चंपत आत होता, आणि हे रडत होते स्वतःच्या अब्रूसाठी!

कोर्टात मात्र ते बोलले. सगळं गाव ऐकत होतं. चंपत सुटला, पण चौदा महिने आत काढून.

कोर्टाच्या फाटकाशी वडिलांनी भागीरथेला गाठलं. "चुकलो मी," ते म्हणाले. "वाचता येत नाई म्हनाची लाज वाटली."

ती जाता जाता थांबली.

"गुरुजी, मले तं जल्मात वाचता नाई आलं. मले कदी लाज नाई वाटली. तुमाले एवढी काऊन वाटली?"

चंपत पुढे निघाला होता. ती त्याच्यामागे गेली.